नवी यंत्रे, नवे शिक्षण आणि आपला व्यवसाय

(संत नामदेव महाराजांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



कार्तिक शुद्ध एकादशीच्या या मंगल दिवशी आपणांसमोर दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. ज्या नर्सी गावी नामदेवरायांचा जन्म झाला असे परंपरा सांगते, ते गाव आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. ज्या औंढा नागनाथास त्यांना गुरू भेटला, तेही आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा जन्म आणि विद्या या दोन्ही गोष्टी नामदेवरायांना या भूमीत लाभल्या, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांतील विद्येविषयी आज बोलावयाचे आहे.

'बदलते तंत्रज्ञान आणि शिक्षण' असा विषय मला नेमून देण्यात आला आहे. मी मॅट्रिक झालेला आणि त्यावर अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतून सारी नोकरी काढलेला मनुष्य. संगणकाच्या पोटात काय चालते हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तो येथे बसलेल्या पुष्कळ तरुणांचा आहे. परंतु शिंप्याच्या घरात वाढल्यामुळे आणि पुढे शिक्षकाचा पेशा पत्करल्यामुळे 'शिकणे' ही क्रिया मी दोन ठिकाणी अगदी जवळून पाहिली : एक दुकानात आणि दुसरी शाळेत. यंत्र आले म्हणजे शिकण्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. इतर ज्ञातींस तो आज पडला असेल. आपल्या दाराशी तो सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन उभा राहिला होता. म्हणून त्या जुन्या हकिकतीपासूनच आरंभ करतो.

जुन्या दुकानातील शिक्षणाचा क्रम येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पण तरुण मंडळींपैकी अनेकांनी तो पाहिलेला नाही. मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की दुकानात बसावयाचा. पहिले काम झाडलोट, कोळशाची इस्त्री पेटविणे आणि चिंध्या निवडणे. चिंध्या निवडणे हे हलके काम वाटते खरे. परंतु सूत कोणते, खादी कोणती, कापडाचा उभा धागा कोणता आणि आडवा कोणता, कोणते कापड धुतल्यावर आटते, हे ज्ञान बोटांना तेथेच होत असे. मग धावदोरा, मग हातशिलाई, मग काज-बटण. काजाचे काम हाताला बसण्यास वर्ष लागे. त्यानंतर यंत्रावर बसावयास मिळे. तेही प्रथम पिशव्या, उशांचे अभ्रे, परकर यांच्यासाठी. सदरा हाती येईपर्यंत मिसरूड फुटलेले असे. आणि कात्री? कात्री शेवटी. बेतण्याचे काम घरातील कर्ता पुरुष स्वतःकडे ठेवी, कारण शिवण चुकली तर उसवता येते, बेत चुकला तर कापड गेले. गिऱ्हाइकाचे कापड, तेही लग्नाचे असले, तर अब्रूच गेली.

या शिक्षणास पुस्तक नव्हते, फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. ते प्रेमळ होते असेही मी म्हणणार नाही. चुकल्यास गजाचा फटका बसे. किती तरी मुलांना बापाने मुद्दाम उशिरा शिकविले, कारण मुलगा लवकर तयार झाला तर लवकर वेगळा होईल, ही धास्ती. चुलत्या-पुतण्यांत बेताचे गुपित राखल्याच्या गोष्टी प्रत्येक घराण्यात आहेत. मुलींना तर काज-बटणाच्या पुढे कोणी येऊ दिले नाही. जुने ते सारे सोने मानण्याची आपल्या व्याख्यानांतून जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. तरीही एक गोष्ट त्या शिक्षणात होती : शिकणाऱ्याच्या शेजारी जाणता मनुष्य बसलेला असे, आणि चूक होत असतानाच त्याचे लक्ष जाई. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे मला परत यावयाचे आहे.

आता यंत्राची हकिकत. फ्रान्स देशात थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिलाईयंत्राचा हक्क मिळविला आणि सैन्याचे गणवेश शिवणारा कारखाना पॅरिसमध्ये घातला. पुढल्याच वर्षी तेथील शिंप्यांनी, हे यंत्र आमच्या पोटावर येणार, असे म्हणून कारखान्यात शिरून ती यंत्रे मोडून टाकली. शिंप्यांच्या इतिहासातील ही गोष्ट आपण विसरू नये. आपले ते परदेशी व्यवसायबंधूच होते आणि त्यांची भीती खोटी नव्हती. पण यंत्र काही थांबले नाही. अमेरिकेत १८४६ साली एलियास हाव याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपापल्या यंत्रांचे हक्क घेतले. सिंगरच्या कंपनीने यंत्र हप्त्याने विकण्याची युक्ती काढली, आणि त्या युक्तीने यंत्राइतकेच काम केले. कारण एकरकमी पैसा कोणत्याही देशातील शिंप्याजवळ कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ही यंत्रे हिंदुस्थानात पसरू लागली. पुढे १९३० नंतरच्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग कारखान्यात 'उषा' हे देशी यंत्र तयार होऊ लागले, आणि आपल्या कित्येक घरांत दसऱ्याच्या दिवशी ज्या यंत्रास आजही झेंडूची माळ घातली जाते ते बहुधा त्याच नावाचे असते. यंत्रांविषयी एवढे कठोर लिहिणाऱ्या महात्मा गांधींनीसुद्धा १९२४ साली एका संभाषणात शिलाईयंत्राचा अपवाद केला होता.

या यंत्राने आपले काय केले? पोट मारले नाही. उलट काम वाढविले. ज्या घरात वर्षाला एक बंडी आणि एक चोळी शिवली जाई, तेथे पुढे सदरे, पाटलोणी, शाळेचे कपडे शिवले जाऊ लागले. ज्यांनी यंत्र घेतले ते तालुक्याच्या गावी दुकान घालून बसले. ज्यांनी नाही घेतले ते खेड्यात बलुत्याच्या आशेवर राहिले. परंतु यंत्राने आणखी एक गोष्ट केली, आणि तिची चर्चा आपल्या मेळाव्यांतून फारशी होत नाही. त्याने आपल्या विद्येचे दार उघडे केले. हाताने सरळ, बारीक, एकसारखी शिवण घालण्यास जी पाच-सहा वर्षे लागत, ती यंत्राने काही महिन्यांवर आणली. मग ही विद्या घेण्यास शिंप्याच्याच पोटी जन्म घेण्याचे कारण उरले नाही. शाळांतून शिवणाचे वर्ग निघाले, महिला मंडळांनी यंत्रे घेतली, विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना या यंत्राने अन्न दिले. आज हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा यांपैकी कोणत्याही गावी जाऊन पाहा. शिवणाऱ्यांत आपल्या ज्ञातीचे किती आणि इतर किती? मला यात दुःख वाटत नाही. पूर्वी जात हीच शाळा होती. त्या शाळेचे दार यंत्राने काढले, एवढेच म्हणावयाचे. पण ज्या ज्ञातीने ती शाळा शतकानुशतके चालविली, तिने शिकविण्याचे कामही त्याच वेळी सोडून दिले, हे मात्र मला खटकते. दार उघडे झाले म्हणून मास्तरांनी वर्गातून उठून जावयाचे नसते.

यानंतरचा आघात तयार कपड्यांचा. त्याविषयी फार बोलत नाही. तो आपण सर्वांनी सोसला आहे. मोठ्या कारखान्यात सदरा एक माणूस शिवत नाही. एक जण दिवसभर कॉलरच शिवतो, दुसरा बाहीच जोडतो, तिसरा काजांचे यंत्र चालवितो. बेत संगणकावर आखला जातो आणि कापडाचे थरावर थर रचून ते यंत्राने कापले जातात. आपल्याकडील काही तरुण पुण्या-मुंबईकडे आणि त्याहून दूर अशा कारखान्यांत गेले आहेत. त्यांपैकी एकास मी विचारले, "तुला आता सदरा शिवता येतो का?" तो म्हणाला, "गुरुजी, मला डाव्या खिशाचे काम येते." तो हसत म्हणाला, पण मला हसू आले नाही. ज्या दिवशी डावा खिसा लावणारे यंत्र येईल त्या दिवशी या मुलाच्या हाती कोणती विद्या उरेल? मुंबईच्या गिरण्यांत जानेवारी १९८२ मध्ये जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लक्ष कामगार होते. गिरण्या उठल्या त्याची कारणे अनेक असतील. पण साच्यावर उभे राहण्याखेरीज दुसरे काही शिकण्याची सोय ज्यांना कधी मिळाली नव्हती, त्यांचे पुढे काय झाले हे आपण ऐकून आहोत.

केवळ यंत्र आणि केवळ हुकूम यांवर शिलाई चालत नाही याचा एक अलीकडचा दाखला आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षी राज्य शासनाने शाळांच्या एकसारख्या गणवेशाचे कापड एकाच ठिकाणाहून पुरवून शिलाईचे काम महिला बचत गटांकडे सोपविले. हेतू चांगला होता. बायांना काम मिळावे हे कोणास नको आहे? परंतु अनेक शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचे ठरले. तिसरीच्या वर्गात सारी मुले एका मापाची नसतात. गणवेशाची गोष्ट आहे तीच शिक्षणाचीही आहे, म्हणून हा दाखला दिला.

आता शाळेकडे वळतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे म्हणत अभ्यास दूरध्वनीवरून सुरू झाला. शहरातील घरांचे मला ठाऊक नाही. आपल्याकडील घरांत असा चांगला दूरध्वनी एकच, आणि तो बापाच्या खिशात. बाप सकाळी शेतावर किंवा मजुरीस गेला की शाळाही त्याच्या खिशातून गेली. जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात त्यांच्या मुलांविषयी तर बोलावयासच नको. अशा वेळी ज्या गावी एखादा शिक्षक, एखादी शिकलेली सून, एखादा बारावीचा मुलगा चार पोरांना ओट्यावर घेऊन बसला, तेथे अक्षरे टिकली. जेथे कोणी बसले नाही, तेथे चौथीतील मूल पुन्हा पहिलीच्या पुस्तकाशी येऊन थांबले.

यावरून तंत्रज्ञानाने शिक्षण होत नाही असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून एक लहान वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत चौकोनी ठिपक्यांची संकेतचित्रे घातली. ती दूरध्वनीने टिपली की त्या धड्याची कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी, प्रश्न सोडवावयास मिळावेत. पुढे ही रीत राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली. २०२० च्या डिसेंबरात त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची अशी गोष्ट ऐकून माझी छाती फुगते हे मी लपवीत नाही. पण लक्षात घ्या, पुरस्कार ठिपक्यांच्या चित्रास मिळाला नाही. जो शिक्षक घरोघरी जाऊन मुलींना शाळेत आणतो, त्याने ते चित्र हाती घेतले म्हणून ते कामास आले.

आपल्याच व्यवसायातील एक उदाहरण सांगतो. माझ्या परिचयातील एका घरची धाकटी सून, दहावी झालेली, दुपारच्या वेळी दूरध्वनीवर चित्रफिती पाहून चोळी-ब्लाउज बेतण्यास शिकली. सासरी कोणी शिवणारे उरले नव्हते. सासऱ्याचे यंत्र माळ्यावर पडून होते. ते तिने उतरविले, तेलपाणी केले आणि वर्तमानपत्राच्या कागदावर बेत कापू लागली. एकच चित्रफीत वीस वेळा पाहावी, मध्ये थांबवावी, मागे न्यावी. कोणता बाप एवढ्या वेळा न रागावता सांगेल? या बाबतीत यंत्र हे माणसाहून चांगले शिक्षक आहे, हे कबूल केलेच पाहिजे. चार महिन्यांत शेजारणींचे कपडे तिच्याकडे येऊ लागले. पण प्रत्येक ब्लाउज मुंढ्याखाली ओढला जाई. तिने आणखी चित्रफिती पाहिल्या. कोणी सांगे अर्धा इंच वाढवा, कोणी सांगे कमी करा. अखेर आपल्यातील एका वृद्ध कारागिरास तिच्या सासऱ्यांनी घरी बोलाविले. म्हाताऱ्याने ब्लाउज पाहिलाच नाही. ती कापताना तिच्या हाताकडे पाहिले. कापडाची घडी घालताना ती वरचा थर नकळत किंचित पुढे ओढीत होती. "सुने, चूक बेतात नाही, घडीत आहे," एवढेच तो बोलला. हे तिला कोणत्याच चित्रफितीने सांगितले नाही, कारण चित्रफितीला ती दिसत नव्हती. तिला चित्रफीत दिसत होती.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. प्रश्न विचारला की उत्तर देते, तेही मराठीत. उद्या कदाचित ती घडीवरचा हातही पाहील. पाहणारच नाही असे मी म्हणत नाही. पण माझ्या हयातीत आणि आपल्या जिल्ह्यात, अर्ध्या सुताच्या चुकीवर बोट ठेवणारा मनुष्य जिवंत आहे, रिकामा बसलेला आहे, आणि त्याला विचारणारे कोणी नाही, ही स्थिती मला दिसते. ती माझ्या बोलण्याचा मुख्य विषय आहे.

नामदेवरायांची कथा आपण दरवर्षी ऐकतो. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. नामदेव रागावले, पांडुरंगाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. आणि मग औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले. या कथेचा परमार्थ कीर्तनकार सांगतील. मी शिक्षक म्हणून तिच्यात परीक्षेची रीत पाहतो. परीक्षक कोण, तर भाजणीची माती आयुष्यभर हाताळलेला कुंभार. परीक्षा केव्हा झाली, तर नामदेवांची कीर्ती झाल्यानंतर. आणि परीक्षेत उणे ठरल्यावर 'अनुत्तीर्ण' म्हणून घरी धाडले नाही, तर गुरूकडे जाण्याची वाट खुली झाली. ज्याला आज 'पूर्वकौशल्याची मान्यता' असे लांबलचक नाव देतात, ती हीच गोष्ट नव्हे काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा व्यवसाय घेतले असून शिंपीकाम त्यांपैकी एक आहे. प्रथम कौशल्याची तपासणी, मग पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, इच्छा असल्यास पुढे पंधरा दिवसांचे. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लक्ष व नंतर दोन लक्ष रुपयांपर्यंत कर्ज. ज्यांनी नाव नोंदविले नसेल त्यांनी माहिती घ्यावी. कुटुंबातील एकासच लाभ मिळतो, तेव्हा घरात आधी ठरवावे. योजना चांगली आहे. पण पाच-सात दिवसांत ज्याला येते त्याची धार लागेल. ज्याला येत नाही त्याला कात्री येणार नाही. निरनिराळ्या योजनांतून शिलाईयंत्रे वाटली जातात हेही आपण पाहतो. यंत्र घरी येते, छायाचित्र निघते, आणि वर्षाने त्या यंत्रावर घड्या घातलेली अंथरुणे दिसतात, कारण यंत्राबरोबर शेजारी बसणारा माणूस आलेला नसतो. त्याची व्यवस्था कोणत्याही सरकारला गावोगाव करता येणार नाही. ती समाजाने करावयाची आहे.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, मुलांनी पुन्हा सुईदोऱ्याकडेच जावे की काय? मुळीच नाही. ज्याला डॉक्टर, अभियंता व्हावयाचे आहे त्याने व्हावे, मंडळाने त्याला हात द्यावा. आपल्या डोळ्यांदेखत औंढ्याच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांतून प्रकाश सोडून आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजावयाच्या. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा लांबीत झालेला फरक अणुगर्भातील एका कणाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका सूक्ष्म होता. आम्ही अर्ध्या सुताचा अभिमान सांगणारे लोक, आमच्याच जिल्ह्यात असे माप घेतले जाणार! या वेधशाळेत शास्त्रज्ञ देशभरातून येतील. परंतु तेथे वीज पाहणारे, नळ्यांचे सांधे जोडणारे, शीतयंत्रे सांभाळणारे, सूक्ष्म मापाची अवजारे हाताळणारे लोकही लागणार. ते आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तयार व्हावेत, की तेही बाहेरून यावेत आणि आपल्या मुलांनी दारावर पहारा करावा? वसमतच्या हळदीचे पाहा. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद शिजविण्याची आणि घासून चकाकी आणण्याची यंत्रे गावोगाव आहेत. ती बिघडली की दुरुस्त करणारा कोठून येतो, याची चौकशी करा.

आणि आपण मेळाव्यात काय करतो? दहावी-बारावीत अमुक टक्क्यांच्या वर गुण मिळविणाऱ्यांस शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देतो. मीही अनेक वर्षे ते दिले आहे आणि पुढेही आनंदाने देईन. पण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री होऊन आलेल्या मुलाचे नाव या व्यासपीठावरून मी कधी ऐकले नाही. स्मरणिकेच्या वधू-वर परिचयाच्या पानांवर 'व्यवसाय : शिलाई' असे लिहिलेल्या मुलास किती निरोप येतात, ते वर-पित्यांनीच सांगावे. त्याच मुलाने शहरात कोणाच्या तरी कार्यालयात अर्ध्या पगारावर चाकरी धरली तर लगेच स्थळे येतात. आम्ही नामदेवांच्या अभंगांतील सुई-दोऱ्याच्या, गज-कात्रीच्या उपमा डोळे मिटून ऐकतो, त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत म्हणून अभिमान बाळगतो, आणि हाती कात्री असलेल्या मुलास मुलगी देत नाही. कटू बोललो असेन तर वयाकडे पाहून क्षमा करावी, पण शब्द मागे घेत नाही.

यास्तव मी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवीत आहे. सभागृहाच्या वरच्या मजल्यासाठी निधी जमत आहे. मजला दोन वर्षे उशिरा झाला तरी बिघडणार नाही. त्या निधीतील काही भागातून खालची मागील खोली शिक्षणाची खोली करावी. विजेवर चालणारी दोन जलद यंत्रे, एक ओव्हरलॉक, बेत आखता येईल असा एक संगणक आणि चित्रफिती दाखविण्याचा पडदा. येथवर सारे मान डोलावतील. पुढचे ऐका. आपल्यातील जे वृद्ध कारागीर आज घरी बसून आहेत, त्यांस आळीपाळीने तेथे बसवावे, आणि त्यांस दरमहा मानधन द्यावे. फुकट सेवा मागू नये. त्यांचे हात काम करीत असताना मुलांनी दूरध्वनीवर ते टिपून ठेवावेत : बाराबंदीचा बेत, जुन्या चोळीची कळी, कापड कमी असताना बाही काढण्याची युक्ती. ही माणसे गेल्यावर हे कोणत्याही चित्रफितीत सापडणार नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी जी नई तालीम मांडली तिचीच ही नात म्हणावयाची. मग गावच्या मुख्याध्यापकांस आपणच जाऊन सांगावे, की दहांपैकी दोन दिवस मुले आमच्या खोलीत पाठवा.

राहिला एक मुद्दा, आणि त्यावर मतभेद होणार हे मी जाणून आहे. ही खोली ज्ञातीपुरती ठेवावयाची की सर्वांस खुली? माझे मत स्पष्ट आहे : सर्वांस खुली ठेवावी. निधी आपल्या घरांतून आलेला आहे, तो आपल्याच मुलांवर खर्च व्हावा, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला समजतो. गरीब घरांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली आहे. पण शिवणारे हात आता सर्व ज्ञातींत आहेत आणि शिकविणारे जुने हात अजून बहुतांशी आपल्याकडे आहेत. आपण शिकविले तर 'शिंपी' या शब्दाचा मान राहील. दार लावून घेतले तर आत शिकणारी दोन-तीन मुले आणि बाहेर सारे गाव दूरध्वनीवरून शिकलेले, अशी स्थिती होईल. मंडळाने यावर मत घ्यावे; बहुमत विरुद्ध गेले तर खोली ज्ञातीपुरती उघडावी, पण उघडावी.

ज्यांना हा विचार पटला असेल त्यांच्यासाठी बाहेर पावत्यांच्या मेजावर मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर शिकवू शकणाऱ्यांनी आणि उजव्या पानावर शिकू इच्छिणाऱ्यांनी नाव, गाव आणि काय येते ते लिहावे. स्त्रियांनी स्वतःचे नाव स्वतः लिहावे, पतीच्या नावावर थांबू नये. ओव्हरलॉक यंत्राच्या किमतीची चौकशी करण्याचे काम नांदेडला जाणे-येणे असलेल्या कोणी तरी पत्करावे. महाप्रसादाची वेळ झाली आहे आणि एकादशीचा फराळ निवतो आहे, तेव्हा मी आपली रजा घेतो.